फुकटचं फोटो सॉफ्टवेअर घेण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात २००४ पासूनचे चाळीसेक हजार फोटो. २०१६ पर्यंतचे जुन्या विंडोज लॅपटॉपवर पिकासात (गुगलचं जुनं फुकट फोटो सॉफ्टवेअर) लावलेले, नावं आणि कॅप्शनसकट. त्यानंतरचे फोनवर आणि गुगल फोटोजमध्ये. लॅपटॉप आता शेवटच्या घटका मोजतोय. सगळं एका जागी आणायचंय, सॉफ्टवेअरवर पैसे घालायचे नाहीत, आणि फुकटच्या सॉफ्टवेअरचे तोटे आधी समजून घ्यायचेत.

तोटे म्हटलं की जाहिराती, अपुऱ्या सोयी, अडलं तर विचारायला कोणी नाही, अशी उत्तरं येतात. ते सगळं किरकोळ आहे. फोटो दाखवणं, शोधणं, चेहरे ओळखणं ही कामं आजची फुकट सॉफ्टवेअरं चांगली करतात. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. रविवारच्या रविवार बसून तुम्ही जी माहिती भरता, म्हणजे ही कोण, हे बारसं कुणाचं, हा वाडा कुठला, ती साठते कुठे? आणि ते सॉफ्टवेअर उद्या बंद झालं तर ती फोटोबरोबर बाहेर येते का? फोटो बहुतेक वेळा वाचतात, नावं मात्र जातात. आणि नावं सांगणारी माणसं तोवर राहिलेली नसतात.

माहिती तीनच ठिकाणी राहू शकते. जुन्या कागदी फोटोंचं उदाहरण घ्या: मजकूर फोटोच्या पाठीवर पेनने लिहिता येतो, चिठ्ठीवर लिहून ती फोटोला टाचता येते, किंवा फोटोला नंबर देऊन वेगळ्या वहीत लिहिता येतो. डिजिटलमध्येही हेच आहे. फाइलच्या आत (कॅमेऱ्याने भरलेल्या माहितीचा एक्झिफ, कॅप्शन-टॅगचा जुना आयपीटीसी आणि नवा एक्सएमपी या तीन कप्प्यांत), फाइलशेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये, किंवा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला वही सगळ्यात सोयीची, कारण शोध झटपट होतो. तुम्हाला ती सगळ्यात धोक्याची, कारण सॉफ्टवेअर गेलं की वही वाचणारं कोणी उरत नाही.

पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरलाही हे लागू आहे. ॲपलचं ॲपर्चर हे फोटो सॉफ्टवेअर विकत मिळायचं. २०१४ मध्ये ते बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं आणि २०१९ च्या कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून ते मॅकवर चालतच नाही. ॲडोबीचं लाइटरूम क्लासिकही सगळं आधी आपल्या कॅटलॉगमध्ये ठेवतं; बदल एक्सएमपीत आपोआप लिहिण्याची खूण तुम्हाला स्वतः करावी लागते. फरक इतकाच की विकत दिलेल्या सॉफ्टवेअरच्या गिऱ्हाइकाला कंपनी निदान काही काळ सांभाळते. फुकटवाल्याला एक तारीख कळवली की तिचं काम संपतं. मायक्रोसॉफ्टच्या फुकट विंडोज लाइव्ह फोटो गॅलरीचा आधार जानेवारी २०१७ मध्ये संपला. फ्लिकर या फोटो ठेवायच्या वेबसाइटने २०१३ मध्ये प्रत्येकाला १ टीबी जागा फुकट दिली, आणि २०१८ मध्ये मालकी बदलल्यावर फुकट खात्याला १,००० फोटोंची मर्यादा घातली.

तुमचा पिकासा याच वाटेने गेला. गुगलने तो २००४ मध्ये घेतला आणि मार्च २०१६ मध्ये त्याचा आधार काढला. बसवलेला पिकासा अजून चालतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. त्यात काय कुठे आहे ते नीट समजून घ्या, कारण लॅपटॉप फॉरमॅट केल्यावर यातलं बरंच परत मिळत नाही.

कॅप्शन आणि टॅग पिकासा जेपीईजीच्या आत लिहितो, ते सुरक्षित आहेत. आवडत्या फोटोंना दिलेले तारे मात्र फोटोत जात नाहीत. ते प्रत्येक फोल्डरमधल्या ‘.पिकासा.आयएनआय’ या लपवलेल्या फाइलमध्ये असतात. ‘सेव्ह’ न केलेले एडिटही तिथेच. म्हणजे पिकासात उजळ आणि सरळ दिसणारा फोटो दुसरीकडे उघडला की पुन्हा काळवंडलेला, वाकडा. ‘सेव्ह’ केलेल्या फोटोचा मूळ नग त्याच फोल्डरात ‘.पिकासाओरिजिनल्स’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये सरकवलेला असतो. चेहऱ्याची चौकट आयएनआय फाइलमध्ये असते, पण माणसांच्या नावांची मुख्य यादी विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमधल्या एका वेगळ्या कॉन्टॅक्ट फाइलमध्ये. फक्त ‘पिक्चर्स’ फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं तर चौकटी येतील, नावं मागे राहू शकतात.

म्हणून लॅपटॉप चालतोय तोवर या क्रमाने जा. आधी एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फाइल दिसतील असं करा आणि पूर्ण फोल्डर जसाच्या तसा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. इथे हमखास चूक होते: फोल्डर उघडून आतलं सगळं सिलेक्ट केलं आणि लपवलेल्या फाइल दिसत नसल्या, तर त्या कॉपी होत नाहीत. फोल्डरच उचला. युजरच्या ॲपडेटातलं ‘लोकल’, त्यातलं ‘गुगल’ आणि त्याखालची पिकासाची दोन्ही फोल्डरंही घ्या. एकात डेटाबेस आणि कॉन्टॅक्ट असतात, दुसऱ्यात अल्बम. ही कॉपी बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका.

मग पिकासा उघडा. आवृत्ती ३.९ असेल तर ‘टूल्स’ मेनूत ‘एक्सपेरिमेंटल’खाली चेहरे एक्सएमपीत लिहिण्याची सोय आहे. ती चालवली की चौकट आणि नाव दोन्ही जेपीईजीच्या आत जातात, आणि तेही डिजिकॅमसारख्या फुकट फोटो सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा पद्धतीने. ताऱ्यांसाठी तारांकित फोटो गाळून घ्या, सगळे निवडा, कंट्रोल-टी दाबून त्यांना ‘तारा’ हा टॅग द्या. प्रत्येक अल्बमचंही तसंच: सगळे फोटो निवडून अल्बमचं नाव टॅग म्हणून चिकटवायचं. एडिट टिकवायचे असतील तर ‘सेव्ह’ करा किंवा ‘एक्सपोर्ट’ने वेगळ्या फोल्डरात काढा. मी एक्सपोर्ट सुचवेन, मूळ फाइल जागच्या जागी राहते.

इतक्या हजारो फोटोंवर चेहरे लिहायला जुना लॅपटॉप बराच वेळ घेईल. झोप लागण्याची सेटिंग बंद ठेवा आणि चार्जर लावून ठेवा.

आता गुगल फोटोज. २०१५ मध्ये ते ‘हाय क्वालिटी’त अमर्याद आणि फुकट असं आलं. त्या दर्जात १६ मेगापिक्सेलच्या वरचा फोटो लहान केला जातो आणि त्याहून लहान असलेलाही पुन्हा दाबला (कॉम्प्रेस केला) जातो. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजले जातात, आणि हे १५ जीबी जीमेल आणि ड्राइव्हबरोबर वाटून घ्यायचे असतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच धरतात. त्या तारखेआधी चढलेले ‘हाय क्वालिटी’ फोटो मोजले जात नाहीत. म्हणून ते ‘आवरण्यासाठी’ खाली उतरवून, तिथून पुसून, पुन्हा चढवू नका. दुसऱ्यांदा चढले की मोजले जातील.

याहून मोठा धोका फोनवरच्या ‘जागा मोकळी करा’ या बटणाचा आहे. ते दाबलं की बॅकअप झालेले फोटो फोनमधून जातात. बॅकअप दाबलेल्या दर्जाचा असेल तर पूर्ण दर्जाची फाइल जगात कुठेच उरत नाही. उलट दिशेचाही घोळ होतो: ॲपमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधूनही जातो. ‘ऑनलाइनवरचा काढला, फोनवर आहेच’ या समजुतीतून बरेच फोटो जातात. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये असतो, तेवढ्यात लक्षात यायला हवं. दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसून टाकण्याचा गुगलचा नियमही आहे. आईबाबांच्या नावावरचं, कुणी न उघडलेलं खातं घरात असेल तर आजच लॉगिन करा.

बाहेर पडण्याची वाट म्हणजे गुगल टेकआउट, गुगलमधला आपला डेटा उतरवून घेण्याची सोय. आधी सगळ्या सेवांची खूण काढा, फक्त फोटोज ठेवा. झिपचा आकार १० जीबी घ्या. ५० चा घेतला आणि घरचं इंटरनेट मध्येच गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या झिप उतरल्यावर त्या एकाच फोल्डरात उलगडा, वेगवेगळ्या नाही. कारण फोटो एका झिपमध्ये आणि त्याची माहिती देणारी जेसन फाइल दुसऱ्या झिपमध्ये असं होतं. गुगलमध्ये तुम्ही लिहिलेलं वर्णन, बदललेली तारीख आणि हाताने लावलेलं ठिकाण या जेसनमध्ये असतं, फोटोच्या आत नाही. ओळखलेल्या माणसांची नावंही जेसनमध्ये येतात, पण चेहरा फोटोत नेमका कुठे आहे ते येत नाही. पंचवीस माणसांच्या ग्रुप फोटोला पंचवीस नावांची यादी मिळते. कोण कुठला ते तुम्हीच लावायचं. शिवाय एकच फोटो वर्षाच्या फोल्डरात आणि अल्बमच्या फोल्डरात असा दोनदा येतो.

जेसनमधली माहिती फोटोत घालायला एक्झिफटूल हे फुकट साधन आहे. ते काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवावं लागतं, पण या कामात त्याला तोड नाही. एक गोष्ट सांभाळा: जेसनमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कॅमेऱ्याची स्वतःची तारीख आत असलेल्या फोटोंना हात लावू नका, ती बरोबर असते. तारीख नसलेल्यांनाच जेसनमधून भरा, आणि साडेपाच तास मिळवूनच. नाहीतर पहाटे पाचच्या अभ्यंगस्नानाचा फोटो आदल्या रात्री साडेअकराला जाऊन बसतो आणि नरक चतुर्दशी एक दिवस अलीकडे सरकते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत कॅमेऱ्याची तारीख उरतच नाही. फाइलच्या नावात असते ती फोनवर पोचल्याची, काढल्याची नाही.

पुढचा तोटा मराठीत टॅग लिहिणाऱ्यांचा खास आहे, आणि इंग्रजी परीक्षणांत तो सापडणार नाही. आयपीटीसी या जुन्या कप्प्यात एका टॅगला ६४ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षर एका बाइटचं. देवनागरीतला प्रत्येक वर्ण, मात्रा, हलन्त, अनुस्वार, आकडा तीन-तीन बाइटचा. म्हणजे एकूण एकवीस खुणा. ‘गणेशोत्सव २०१२ सार्वजनिक मंडळ’ हा टॅग ८१ बाइटचा होतो. मर्यादा पाळणारं सॉफ्टवेअर तो ‘गणेशोत्सव २०१२ सार्वजन’ इथे कापतं आणि शेवटी एक तुटका चौकोन ठेवतं. एक्सएमपीला ही मर्यादा नाही. पण काही जुनी सॉफ्टवेअरं दोन्ही कप्पे वाचतात आणि कापलेला आणि पूर्ण असे दोन टॅग दाखवतात. उपाय सोपा: लांबलचक टॅग देऊ नका. ‘गणेशोत्सव’ वेगळा, ‘मंडळ’ वेगळा, वर्ष तर तारखेत आहेच. मोठा मजकूर कॅप्शनमध्ये लिहा. तिथे आयपीटीसीची मर्यादा २,००० बाइटची आहे, आपल्याला पुरते.

दुसरी भानगड टायपिंगची. ‘ॲड.’मधला ॲ काही कीबोर्ड एकसंध खूण म्हणून टाकतात, काही ‘अ’वर वेगळी चंद्रकोर ठेवून. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्’ सुद्धा असाच दोन तऱ्हांनी लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना सॉफ्टवेअरला वेगळे वाटतात. मग टॅगच्या यादीत ‘कऱ्हाड’ दोनदा दिसतं आणि निम्मे फोटो एकाखाली, निम्मे दुसऱ्याखाली. घरात टॅग लावणारे दोघं असतील, एक फोनवर आणि एक लॅपटॉपवर, तर हे होणारच. नवा टॅग एकदाच टाइप करायचा आणि पुढे यादीतून उचलायचा, हा नियम करा. दोन तयार झालेच असतील तर डिजिकॅममध्ये एक टॅग दुसऱ्यात विलीन करता येतो.

तिसरी गोष्ट अक्षरसंचाची. आयपीटीसीत मजकूर युनिकोडमध्ये असल्याची खूण नसली तर देवनागरीच्या जागी परक्या अक्षरांची रांग दिसते. मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो, फक्त चुकीचा वाचला जातो. एक्झिफटूलला योग्य अक्षरसंच सांगितला की परत येतो. श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या जुन्या कॅप्शनची गोष्ट निराळी. तिथे मुळातच रोमन अक्षरं साठवलेली असतात, ती कन्व्हर्टरमधूनच काढावी लागतात.

मग घ्यायचं कोणतं? हे तीन गोष्टींवर ठरतं: कॉम्प्युटर एकच आहे की अनेक, एडिटिंग किती करता, आणि घरात देखभाल करणारं कोणी आहे का. एका विंडोज मशीनवर, मुख्यतः लावणं आणि शोधणं असेल तर मी डिजिकॅम सांगेन. तेही मूळच्या सेटिंगवर सोडू नका. मेटाडेटाच्या (फोटोबरोबर साठवलेल्या माहितीच्या) सेटिंगमध्ये टॅग, कॅप्शन, रेटिंग, तारीख आणि चेहरे, या सगळ्यांसमोर फाइलमध्ये लिहिण्याची खूण आहे का ते एकेक पाहा. जेपीईजीसाठी फाइलच्या आत लिहू द्या. रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल), व्हिडिओ आणि आयफोनच्या एचईआयसी फाइलसाठी शेजारची एक्सएमपी वापरा. डेटाबेसची फाइल कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर ठेवा. ती नेटवर्क डिस्कवर किंवा वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवली की आज ना उद्या बिघडते. फोटो बाहेरच्या डिस्कवर असतील तर संग्रह जोडताना ‘काढता येणारी डिस्क’ हा प्रकार निवडा. चेहरे ओळखण्यासाठी सुरुवातीला काहीशे एमबीच्या फाइल उतरवाव्या लागतात आणि पहिल्या फेरीला तास न् तास लागतात. ती रात्री लावा.

शेजारच्या एक्सएमपीचाही एक त्रास आहे. डिजिकॅम आणि डार्कटेबल (फुकट एडिटिंग सॉफ्टवेअर) त्या फाइलच्या नावात मूळ एक्स्टेन्शन ठेवून पुढे ‘.एक्सएमपी’ जोडतात, ॲडोबी मूळ एक्स्टेन्शन काढून तिथे ‘.एक्सएमपी’ लावतं. परिणामी एकाने लिहिलेलं दुसऱ्याला दिसत नाही, आणि टॅग उडाले असं वाटतं. डिजिकॅममध्ये व्यावसायिक सॉफ्टवेअरशी जुळणारी नावं देण्याची खूण आहे; पुढे ॲडोबीकडे जायची शक्यता असेल तर ती सुरुवातीलाच करा. आणि फोटो हलवायचे तर सॉफ्टवेअरच्या आतून हलवा. एक्सप्लोररमधून नुसती रॉ फाइल उचलली की तिची एक्सएमपी मागे राहते. डार्कटेबलमधले एडिट एक्सएमपीत लिहिलेले असले तरी ते डार्कटेबललाच कळतात. टॅग दुसरीकडे जातील, रंगकाम जाणार नाही.

एक्सएनव्ह्यू एमपी, फास्टस्टोन, इरफानव्ह्यू ही फोटो पाहण्याची सॉफ्टवेअरं हलकी आणि वेगवान आहेत, पण घरगुती वापरापुरतीच फुकट आहेत. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या स्टुडिओने त्यांचं लायसन्स घ्यायला हवं. गावातले बहुतेक स्टुडिओ घेत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी नियम तो आहे. इमिचसारखं स्वतःच्या घरात चालवायचं सॉफ्टवेअर गुगल फोटोजच्या सगळ्यात जवळ जातं. मात्र त्याला कायम चालू राहणारा कॉम्प्युटर, यूपीएस, डेटाबेसचा वेगळा बॅकअप आणि अपडेटनंतर काही अडलं तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. तो माणूस नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला गेला की घरच्यांना पासवर्डही ठाऊक नसतो.

जे काही निवडाल, त्यात चाळीस हजार फोटो ओतण्याआधी वीस फोटोंवर चाचणी घ्या. त्यात फोनचे, जुन्या कॅमेऱ्याचे, स्कॅन केलेले, व्हॉट्सॲपचे, असले तर एचईआयसी आणि रॉ, असे सगळे प्रकार असू द्या. प्रत्येकाला एक मराठी टॅग, एक कॅप्शन, रेटिंग आणि एका चेहऱ्याचं नाव द्या, दोघातिघांची तारीख बदला. सॉफ्टवेअर बंद करा. ते फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्या आणि दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. काहीच हाताशी नसलं तर विंडोजमध्ये जेपीईजीवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधलं ‘डिटेल्स’ पान पाहा, टॅग आणि तारीख तिथे दिसतात. अर्ध्या तासाचं काम आहे. जे पलीकडे पोचलं नाही, ते त्या सॉफ्टवेअरबरोबरच जाणार, असं धरून चाला.

डुप्लिकेट काढण्याची घाई करू नका. ते सगळ्यात शेवटी, आणि दोन पायऱ्यांत. आधी बाइट-न्-बाइट सारख्या असलेल्या फाइल, त्या बिनधास्त काढा. मग ‘सारखे दिसणारे’, हे मात्र डोळ्यांनी पाहून. फुकट डुप्लिकेट-शोधक बऱ्याचदा फाइलची तारीख बघून कोणता ठेवायचा ते ठरवतात, आणि कॉपी करताना ती तारीखच बदललेली असते. व्हॉट्सॲपवरचा १६०० पिक्सेलचा नग ठेवून कॅमेऱ्याचा मूळ फोटो पुसला जाणं असंच घडतं. पिक्सेल जास्त असलेला आणि कॅमेऱ्याची तारीख आत असलेला नग ठेवायचा, बाकीचे महिनाभर वेगळ्या फोल्डरात.

सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे दुसऱ्या हार्ड डिस्कवर घाला. संग्रह ज्या डिस्कवर आहे तिच्याखेरीज एक कपाटात आणि एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे. दर दिवाळीला ती आणून नवे फोटो चढवा, आणि चढवल्यावर प्रत्येक वर्षाच्या फोल्डरातले चारदोन फोटो त्याच डिस्कवरून उघडून पाहा. नुसती फाइलची यादी दिसते म्हणून विश्वास ठेवू नका. खराब होत चाललेली डिस्क नावं बरोबर दाखवते आणि उघडताना करड्या पट्ट्या देते.